हार्लेम आणि हल्याळ

कृष्णवर्णीयांच्या कलेकडे मराठी वाचकाचे लक्ष गेले ते प्रथम साहित्याच्या वाटेने. डॉ. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतील वास्तव्यानंतर दलित लेखकांचे लक्ष तेथील कृष्णवर्णीयांच्या लेखनाकडे वेधले. डॉ. जनार्दन वाघमारे यांचे ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हे पुस्तक आले. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तेव्हा तिच्या नावातच अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षाचे स्मरण होते. सीमाभागातील आमच्या पिढीने हे सारे गावोगावच्या वाचनालयांत बसून वाचले. न्यू यॉर्कमधील हार्लेम ही वस्ती आम्ही पाहिली नव्हती. तरीही तेथील कवी, गायक आणि त्यांचा क्षोभ यांविषयी चर्चा करण्याइतकी ओळख आमच्यापाशी होती, आणि त्या ओळखीचा आम्हांस थोडा अभिमानही होता.

मात्र त्याच वर्षांत, बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल एवढ्या अंतरावर, आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया एक दृश्यकला जोपासत होत्या, आणि आम्हांस तिची वार्ता नव्हती. खानापूर तालुक्याची हद्द ओलांडली की उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ तालुका लागतो. तेथून यल्लापूर, मुंडगोड, अंकोल्यापर्यंतच्या रानवस्त्यांत सिद्दी समाज राहतो. खानापूर तालुक्यातही त्याची थोडी घरे आहेत. या समाजातील स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांपासून ज्या गोधड्या शिवतात त्यांना ‘कवंदी’ म्हणतात. या कवंद्या आज परदेशांतील संग्रहालयांत आणि कलाविषयक नियतकालिकांत पोहोचल्या आहेत. त्यांच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, आणि त्यांत ‘आफ्रिका’ नेमकी कोठे आहे, हा या लेखाचा विषय आहे. हा प्रश्न आम्हांस दूरचा वाटत नाही. अस्मिता, मूळ भूमी आणि भाषा या शब्दांवर सीमाभागातील आमचे सार्वजनिक आयुष्य उभे आहे. त्या शब्दांची एक वेगळी परीक्षा येथे आपल्या शेजारीच होते आहे.

सिद्दींविषयी मराठी मनात असलेली प्रतिमा बहुतांशी इतिहासाच्या पुस्तकांतून आलेली आहे. जंजिऱ्याचा सिद्दी, १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जोहर, आणि आणखी मागे गेले तर निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर. शिवरायांच्या बाजूने लढणारा सिद्दी हिलालही त्याच इतिहासात आहे. पण तो आपल्याला चटकन आठवत नाही. हे सारे सरदार होत. उत्तर कन्नडच्या रानातील सिद्दी मात्र सरदारांचे वंशज म्हणून ओळखले जात नाहीत. त्यांच्यापैकी पुष्कळांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले होते, आणि गुलामीतून सुटण्यासाठी ते घाट चढून या जंगलात आले, असे अभ्यासक मानतात. काहींचा संबंध विजापूरकडील हबशी शिबंदीशी जोडला जातो. आज त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्म आहेत. घरात बव्हंशी कोकणी, बाजारात कन्नड, आणि हल्याळच्या बाजूला मराठीही, अशी त्यांची भाषिक स्थिती आहे. २००३ साली उत्तर कन्नडमधील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना तो मिळण्यास २०२० सालचा कायदा व्हावा लागला. जिल्ह्याची हद्द बदलली की त्याच माणसाची सरकारदरबारची ओळख बदलते, ही गोष्ट सीमाभागातील वाचकास निराळी समजावून सांगावयास नको.

आता प्रत्यक्ष कवंदीकडे वळू. आपल्या घरांतील वाकळ किंवा गोधडी आणि कन्नड घरांतील कौदी यांच्याशी तिचे नाते पहिल्या दृष्टीतच ध्यानी येते. सामग्री तीच : विटलेली लुगडी, फाटलेली धोतरे, मुलांचे सदरे, परकर. काम तेच : थंडीत पांघरणे, अंथरणे, तान्ह्या मुलाला निजविणे. तथापि करण्याच्या पद्धतीत एक महत्त्वाचा फरक आहे. पाश्चात्त्य देशांतील ठिगळांच्या गोधडीत तुकडे आधी एकमेकांना जोडून वरचा पदर पूर्ण करतात आणि मग तो खालच्या थरांवर शिवतात. कवंदीत असा आधी तयार केलेला पदर नसतो. खाली एक मोठे वस्त्र पसरायचे, कोपऱ्यापासून आरंभ करायचा, एक तुकडा कडा दुमडून ठेवायचा, धावदोऱ्याने टाचायचा, मग त्याच्या शेजारी दुसरा. कडेकडेने फेर धरीत सुई हळूहळू मध्याकडे येते. ठिगळ लावणे आणि गोधडी शिवणे या दोन क्रिया येथे एकाच टाक्यात होतात.

याचा परिणाम रचनेवर होतो. पूर्वरेखाटन नसल्याने पुढचा तुकडा कोणता ठेवायचा याचा निर्णय मागचा तुकडा ठेवल्यावरच घ्यावा लागतो. उरलेल्या जागेचा आकार, हाताशी असलेल्या कपड्याचा रंग आणि त्या क्षणीचा डोळ्याचा कौल यांवर ती निवड अवलंबून असते. म्हणून चांगल्या कवंदीत समतोल असतो, पण सममिती क्वचित असते. एका बाजूला गडद जांभळ्याचा मोठा चौकोन आला तर दुसऱ्या बाजूला त्याला तोलून धरण्यासाठी पिवळ्याचे तीन लहान तुकडे येतात. सर्व पृष्ठभागावरून टाक्यांच्या समांतर ओळी फिरत असतात, आणि त्या लपविण्याचा प्रयत्न केलेला नसतो. आपल्या वाकळेतही टाके दिसतात. परंतु आम्ही पाहिलेल्या कवंद्यांत ते केवळ थर धरून ठेवण्यासाठी नसून ठिगळांच्या वेगवेगळ्या रंगांवरून एकच लय नेण्यासाठी आहेत, असे प्रतीत होते. ख्रिस्ती घरांतील कवंदीवर कधी क्रूस दिसतो, मुसलमान घरांतील कवंदीवर चंद्रकोर.

चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या त्रिकोणी कापडाचे थर शिवलेले असतात; त्यांना ‘फुला’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी राहिली असे समजतात. मोठ्या ठिगळांवर आणखी लहान, झगझगीत रंगाचे तुकडे लावतात. विशेषतः लहान मुलाच्या कवंदीवर त्यांची दाटी असते. त्यांना ‘तिकेली’ म्हणतात. आणि अगदी शेवटी, मध्याचा तुकडा शिवून बंद करण्यापूर्वी काही जणी त्याखाली तांदळाचे थोडे दाणे ठेवतात. कवंदीचे पोट भरलेले राहावे, अशी त्यामागची भावना आहे.

या कलेचा पद्धतशीर अभ्यास हेन्री ड्र्यूअल या अमेरिकन कला-इतिहासकाराने केला. विस्कॉन्सिन विद्यापीठात अध्यापन करणारे ड्र्यूअल हे नायजेरियातील योरुबा कलेचे मान्यवर अभ्यासक. ब्राझीलमधील आफ्रिकी वंशीयांच्या कलेवरही त्यांनी काम केले होते. २००४ च्या सुमारास त्यांच्या साहाय्याने सिद्दी स्त्रियांची गोधडी सहकारी संस्था उभी राहिली, आणि पुढे या गोधड्यांचे प्रदर्शन सॅन फ्रान्सिस्को येथील आफ्रिकन डायस्पोरा संग्रहालयासारख्या ठिकाणी भरले. ड्र्यूअल यांचे ऋण आम्ही मनापासून मान्य करतो. आम्ही शेजारी असून जे केले नाही ते त्यांनी समुद्रापलीकडून येऊन केले. त्यांनी शिवणाऱ्या स्त्रियांची नावे नोंदविली, त्यांचे शब्द नोंदविले, त्यांच्या हातांच्या हालचाली पाहिल्या. वर दिलेल्या माहितीतील बराच भाग त्यांच्या लेखनामुळेच जगाला ठाऊक झाला आहे.

तरीही त्यांच्या लेखनाविषयी एक शंका नोंदविणे आवश्यक वाटते. ‘आफ्रिकन आर्ट्स’ या नियतकालिकात २०१३ साली आलेल्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकाचा मराठीत आशय असा : भारतातील आफ्रिकनांच्या गोधड्या. ‘आफ्रिकन’ या शब्दापुढे कंस आहे, आणि त्या कंसात ‘सिद्दी’ हा शब्द आहे. हा समाज स्वतःला ज्या नावाने ओळखतो ते नाव कंसात गेले, आणि बाहेरून दिलेले नाव कंसाबाहेर राहिले. शीर्षक परदेशी वाचकासाठी होते आणि त्यास ‘सिद्दी’ शब्द अपरिचित होता, हे समजण्याजोगे आहे. परंतु कंस हा कधीकधी समीक्षेचा सर्वांत मोठा निर्णय असतो. नायजेरियात आणि ब्राझीलमध्ये घडलेल्या दृष्टीला हल्याळमध्ये ठसठशीत रंग, असमान मांडणी आणि लय दिसली, व ती ओळखीची वाटली. अशी ओळख खरी असू शकते. रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रख्यात ग्रंथात, पश्चिम आफ्रिकेतील पट्ट्यापट्ट्यांच्या विणकामाची लय अटलांटिकपलीकडच्या गोधड्यांत कशी टिकली याचे जे विवेचन केले, त्याने एका मोठ्या लोकसमूहाला आपल्या स्मृतीचा पुरावा मिळवून दिला. पण ते विवेचन पश्चिम आफ्रिकेचे आहे. सिद्दींचे पूर्वज मुख्यतः पूर्व किनाऱ्यावरून आले. त्यांच्या मूळ गावांत कोणती वस्त्रकला होती आणि तिच्यातले काय घाटावर पोहोचले, ही साखळी अद्याप जोडली गेलेली नाही. रंगांतील साम्य हे वंशाचे प्रमाण होऊ शकत नाही.

आमच्या मते अधिक भक्कम साक्ष शब्दांची आहे. या कलेतील जे दोन शब्द तिच्या सौंदर्याशी निगडित आहेत, ‘फुला’ आणि ‘तिकेली’, ते कोकणी-मराठी कानाला परके नाहीत. फूल तर उघडच आहे. तिकेलीत आम्हांस टिकली ऐकू येते : कपाळावर शेवटी लावायची, आकाराने लहान, पण जिच्यावाचून शृंगार पुरा होत नाही अशी गोष्ट. मध्याखालचे तांदूळ पाहून आपल्या घरातील कोणत्याही स्त्रीला ओटी आठवेल. पोट भरणे आणि ओटी भरणे यांतील आशयसाम्य कन्नड आणि मराठी दोन्ही घरांना कळते. म्हणजे गुलाम म्हणून आलेल्या, आपली मूळ भाषा गमावलेल्या माणसांच्या लेकींनी आपल्या कलेची परिभाषा या मातीत घडविली. जे शब्द त्यांना पिढ्यान्‌पिढ्या शेजाऱ्यांकडून ऐकू आले त्यांपैकी सजवणुकीचे आणि भरलेपणाचे शब्द त्यांनी निवडले, आणि ते चिंध्यांना लावले.

येथे मात्र आम्हां सीमावासीयांना एक मोह होतो, आणि तो वेळीच ओळखावा. शब्द आपले, वाकळ आपली, ओटी आपली. तेव्हा ही कलाही मुळात आपलीच, असे म्हणून टाकण्याचा तो मोह आहे. सत्तर वर्षे एकेका गावाच्या नावावर, पाटीवर आणि जनगणनेच्या आकड्यावर हक्क सांगण्याची सवय झालेल्या मनाला हे फार सोपे जाते. परंतु असे केल्यास आपण कंस उलटा करतो, एवढेच. ड्र्यूअल यांच्या शीर्षकात ‘सिद्दी’ कंसात आहेत. आपल्या वाक्यातही ते कंसातच राहतील, फक्त बाहेरचा शब्द बदलेल. कवंदी कौदीसारखी आहे म्हणून ती केवळ कौदी ठरत नाही. शेजारणीकडून घेतलेल्या पद्धतीत ज्या कोणी हा डावपेच घडविला, रेखाटनाशिवाय शिवण्याची ही हिंमत आणि फुलांवाचून कवंदी पुरी न होऊ देण्याचा हा आग्रह आणला, त्यांनी त्या पद्धतीला आपले केले. सिद्दी घरात सून किंवा नात कवंदी ओळखते ती यावरून.

जगातील कृष्णवर्णीय चित्रकारांच्या कामातही ‘मूळ’ या गोष्टीचा विचार याच दिशेने सरकत गेलेला दिसतो. फेथ रिंगोल्ड (१९३०-२०२४) या हार्लेममध्ये जन्मलेल्या. शिवणकाम जाणणाऱ्या आईसमवेत त्यांनी १९८० साली आपली पहिली गोधडी केली, आणि १९८३ पासून गोधडीवर चित्र आणि कथा दोन्ही मांडण्याचा प्रकार रूढ केला. कॅनव्हासची गौरवर्णीय परंपरा सोडून त्या गोधडीकडे गेल्या हे खरे, पण ती गोधडी काही आफ्रिकेतून जशीच्या तशी आलेली नव्हती. ती अमेरिकेतील गुलामीच्या काळात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या हातांत घडलेली होती. लंडनमध्ये जन्मून लागोसमध्ये वाढलेले यिंका शोनिबारे यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. त्यांच्या शिल्पांवरील रंगीबेरंगी कापड पाहताच प्रेक्षक त्यास ‘आफ्रिकी’ म्हणतो. वस्तुतः जावा बेटावरील बाटिकची नक्कल हॉलंडच्या कारखान्यांत झाली आणि एकोणिसाव्या शतकापासून ती पश्चिम आफ्रिकेच्या बाजारांत खपली. शोनिबारे ते कापड लंडनमध्ये विकत घेतात. आफ्रिकेची खूण म्हणून जगाने मान्य केलेली वस्तू तीन खंडांच्या व्यापारातून घडलेली आहे, हेच त्यांना दाखवायचे आहे. जमैकात जन्मलेले विचारवंत स्टुअर्ट हॉल यांनी १९९० च्या आपल्या निबंधात याचे तत्त्व मांडले. विखुरलेल्या समाजाची ओळख मागे कोठेतरी पूर्ण होऊन पडलेली नसते, भूतकाळाशी आपण कोणत्या जागेवरून नाते जोडतो त्यातून ती घडत राहते, असा त्यांचा आशय आहे.

हे तत्त्व लावले की कवंदीतील आफ्रिका कोणत्या रंगात आहे हा प्रश्न मागे पडतो. ती आफ्रिका त्या स्त्रियांच्या परिस्थितीत आहे : ज्यांच्या पूर्वजांपासून नाव, भाषा, नातीगोती, सारेच हिरावले गेले, त्यांनी दुसऱ्यांच्या टाकलेल्या वस्त्रांतून आणि दुसऱ्यांच्या शब्दांतून स्वतःचे काही उभे केले, या कृतीत आहे. रिंगोल्ड यांच्या हार्लेमचे आणि हल्याळचे नाते असलेच तर ते या कृतीचे आहे. दोन्हीकडे जे हाती उरले त्याची मांडणी करण्याचा प्रश्न होता.

फरकही तितकाच मोठा आहे, आणि तो विसरता कामा नये. रिंगोल्ड वा शोनिबारे यांनी आपल्या ओळखीचा विचार करून, ती विषय म्हणून निवडून, संग्रहालयाच्या भिंतीसाठी काम केले. सिद्दी स्त्री कवंदी शिवीत होती ती मुलाला थंडी वाजू नये म्हणून. आपण जागतिक कृष्णवर्णीय परंपरेचा भाग आहोत ही जाणीव तिच्या शिवणामागे होती, असे म्हणण्यास आधार नाही. ती जाणीव तिच्यापर्यंत पोहोचली ती पाहुण्यांबरोबर, प्रदर्शनांबरोबर आणि मागणीबरोबर. तिच्याशी अधिक जवळचे उदाहरण अलाबामातील जीज बेंड या वस्तीचे. गुलामांच्या वंशजांच्या या खेड्यातील स्त्रियांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या आणि त्यानंतर न्यू यॉर्कच्या संग्रहालयात लागल्या. टीकाकारांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. आणि २००७ साली त्यांतील काही स्त्रियांनी आपल्या कामाचा योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून न्यायालयात दावे लावले. ते पुढे मिटले. गौरव आणि मोबदला या दोन गोष्टी आपोआप बरोबर येत नाहीत, हा त्यातील धडा आहे. त्याच वेळी हेही खरे, की जीज बेंडच्या गोधडीखाली शिवणाऱ्या स्त्रीचे नाव असते, आणि टीकाकार एकीची शैली दुसरीहून वेगळी काढून दाखवू शकतो. कवंदीविषयी लिहिताना आपल्याकडे अजून ‘सिद्दी स्त्रिया’ असा समूहवाचक शब्द पुरतो. प्रस्तुत लेखही या दोषातून मुक्त नाही.

विक्रीसाठी शिवल्याने कवंदी बिघडते काय, असाही प्रश्न विचारला जातो. आम्हांस तो अर्धाच योग्य वाटतो. मागणीचा परिणाम होणारच : गिऱ्हाइकाला हवा तो आकार, न विटणारे कापड, ‘आफ्रिकी’ वाटतील असे रंग. घरातल्या माणसांच्या कपड्यांऐवजी कोरे कापड आले तर कवंदीतून एक आठवण वजा होते, कारण आजोबांच्या धोतराचा तुकडा नातवाच्या पांघरुणात असणे हा तिच्या अर्थाचा भाग आहे. परंतु गरिबाच्या कलेने शुद्ध राहावे आणि आपण तिचे कौतुक करावे, ही अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? इरकल लुगड्याचे मोल देताना विणकराने ते विकू नये असे आपण म्हणत नाही.

कृष्णवर्णीयांची दुसरी एक दृश्यपरंपरा आपल्या दख्खनात आहे, आणि कवंदीचे वेगळेपण तिच्या शेजारी ठेवले म्हणजे कळते. विजापूरच्या मुहम्मद आदिलशहाबरोबर हत्तीवर बसलेला त्याचा हबशी वजीर इखलास खान, हे १६४५ च्या सुमाराचे हैदर अली व इब्राहीम खान यांचे चित्र विख्यात आहे. बेळगावचा किल्ला तेव्हा याच दरबाराच्या अमलाखाली होता. त्या चित्रात वजिराची सावळी कांती आणि भरजरी पोशाख अत्यंत आदराने रंगविले आहेत. याउलट मोगल चित्रकार अबुल हसन याने १६१६ च्या सुमारास काढलेल्या चित्रात बादशहा जहांगीर मलिक अंबराच्या भाल्यावर टांगलेल्या मस्तकावर बाण सोडीत आहे. असा प्रसंग कधी घडलाच नाही. अंबर १६२६ पर्यंत जगला आणि मोगलांना पुरून उरला. रणांगणावर जे जमले नाही ते कागदावर उरकून घेतलेले हे चित्र आज डब्लिनमध्ये आहे. आदराचे असो वा द्वेषाचे, दोन्ही चित्रांत आफ्रिकी माणूस दुसऱ्याने पाहिलेला आहे. आपल्या काळात मुंबईच्या छायाचित्रकार केतकी शेठ यांनी सिद्दींची कृष्णधवल व्यक्तिचित्रे टिपली. २०१३ साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यांतील माणसे कॅमेऱ्याकडे सरळ पाहतात, संकोचाने वा कुतूहलाची वस्तू होऊन नव्हे. हा मोठा पल्ला आहे. तरीही चौकट दुसऱ्याचीच आहे. कवंदीत सिद्दी माणसाची आकृती नाही, चेहरा नाही. पण पाहणारा डोळा आणि निर्णय करणारा हात त्यांचा स्वतःचा आहे.

कदाचित चेहरा नाही म्हणूनच ती आमच्या नजरेतून सुटली. बेळगावात चित्रकला म्हटली की के. बी. कुलकर्णी यांची व्यक्तिचित्रे डोळ्यांपुढे येतात, आणि त्यांचे शिष्य रवी परांजपे. त्या परंपरेचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. हुबेहूब साधलेला चेहरा, कातडीवरचा प्रकाश, कुंचल्याची हुकमत, हे कलेचे माप आम्ही तिच्याकडून शिकलो. पण एका मापाने सर्व धान्य मोजता येत नाही. घरातल्या आजीच्या वाकळेलाही आम्ही कधी कला म्हटले नाही. मग सिद्दी स्त्रीच्या कवंदीची काय कथा?

एक गोष्ट कटू असली तरी सांगितली पाहिजे. १९८० च्या दशकात नीनासमच्या प्रेरणेने मंचीकेरी येथे सिद्दी कलावंतांनी चिनुआ अचेबे यांच्या कादंबरीचे कन्नड नाट्यरूप रंगभूमीवर आणले. नायजेरियाच्या लेखकाची कथा घाटावरच्या आफ्रिकी वंशीयांनी आपल्या शरीराने मांडली; जागतिक कृष्णवर्णीय जाणीव या रानात पोहोचली ती कन्नड रंगभूमीच्या हाताने. मराठीकडे वानखेडे होते, वाघमारे होते, पँथरचा वारसा होता. महाराष्ट्राने मागितलेल्या प्रदेशाच्या नकाशात कारवार, सुपे आणि हल्याळही आहेत. २००४ च्या सर्वोच्च न्यायालयातील दाव्यामागेही तोच नकाशा आहे. हल्याळचे गाव आम्ही मागितले. त्या गावाच्या रानात राहणारी, आमच्या बोलीतले शब्द चिंध्यांना लावणारी माणसे मात्र आमच्या साहित्याच्या आणि कलेच्या नकाशावर नव्हती. भाषेवरील प्रेम हे भाषिकांवरील प्रेमाहून वेगळे असू शकते, याची ही साक्ष आहे.

आमच्यापैकी पुष्कळ घराणी वतनाच्या, चाकरीच्या किंवा व्यापाराच्या निमित्ताने या मुलखात आली. आमच्याकडे सनदा आहेत, वंशावळी आहेत, कुलदैवताचे गाव ठाऊक आहे. १९५६ साली आम्ही हललो नाही, सीमा हलली. तरीही दुरावलेपणाचे दुःख आम्ही इतकी वर्षे बाळगले, आणि ते खोटे नाही. याच मुलखात काही शतकांपूर्वी दुसरी माणसे आली, ज्यांना कोणी विकून आणले होते. त्यांच्यापाशी सनद नाही, वंशावळ नाही, मूळ गावाचे नाव नाही. आहे ती कवंदी : जिच्यात आजोबांचे धोतर आणि आईचे लुगडे शेजारी शेजारी शिवलेले असते. वंशावळीचे एवढेच काम असते.

समीक्षेकडून येथे फार मोठी अपेक्षा नाही. कवंदी पाहायला जावे, ती कोणी शिवली ते विचारावे, नाव लिहून घ्यावे, एकीची कवंदी दुसरीहून वेगळी कशी ते मराठीत सांगता येईल इतके बारकाईने पाहावे. विकत घ्यायची तर तिच्या श्रमाचे मोल द्यावे. आणि लिहिताना ‘सिद्दी’ हा शब्द कंसाबाहेर ठेवावा. हार्लेमवर आपण पुष्कळ वाचले आहे. ते वाचन वाया गेलेले नाही, त्याचा उपयोग करण्याची जागा आजवर आपल्या ध्यानी आली नव्हती. ती खानापूरच्या पलीकडे आहे.